आल्डो लिओपोल्ड आणि त्यांचे पडीक रान

थोरामोठ्यांची चरित्रे बहुधा लढाया, तुरुंगवास, शोध आणि मानसन्मान यांनी भरलेली असतात. ज्या माणसाविषयी मी येथे लिहीत आहे, त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची घटना मात्र एका जमिनीची खरेदी ही होती. जमीन तरी कशी, तर वाळूची, कस गेलेली, आधीच्या शेतकऱ्याने सोडून दिलेली. आणि घेतली कशासाठी, तर कुटुंबाला सुटीच्या दिवशी शिकार करता यावी म्हणून! अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ साली ही जमीन घेतली आणि पुढची तेरा वर्षे ते तिच्याकडून शिकत राहिले.

त्यांचे नाव मी प्रथम पर्यावरणाच्या तासाला ऐकले. सरांनी ते फळ्यावर लिहिले, ग्रंथालयात पुस्तक मिळाले, आणि शब्दकोश शेजारी ठेवून मी ते दोन महिन्यांत वाचून काढले. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. पण जमिनीचा विषय निघाला नाही असा दिवसही आमच्या घरात जात नाही. म्हणून या मोठ्या माणसाच्या चरित्रातला जमिनीचाच धागा मी हाती धरला आहे.

आल्डो लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा राज्यातील बर्लिंग्टन या गावी झाला. गाव मिसिसिपी नदीच्या काठी आणि घर काठावरच्या उंच टेकाडावर. घराणे मूळचे जर्मन, घरात बोलायची भाषाही जर्मन. वडील कार्ल लिओपोल्ड यांचा लाकडी टेबले बनविण्याचा कारखाना होता. शिकारीचा त्यांना मोठा नाद. नदीकाठच्या पाणथळीत पाणबदके उतरत, तेव्हा ते मुलांना घेऊन पहाटेच निघत. परंतु या शिकाऱ्याने स्वतःवर काही बंधने घालून घेतली होती. वसंतात पक्षी वीण घालण्यासाठी परतत असतात, म्हणून त्या काळात त्यांनी बंदूक चालविणे सोडून दिले. तसा कायदा तेव्हा नव्हता. कोणी पाहत नसताना स्वतःला आवरणे, हा शिकारीचा पहिला धडा आल्डोला घरातच मिळाला.

पुढे येल विद्यापीठात त्यांनी वनशास्त्राचे शिक्षण घेतले. १९०९ साली पदव्युत्तर पदवी घेऊन ते सरकारी वनखात्यात लागले आणि नैर्ऋत्येकडील ॲरिझोना व न्यू मेक्सिको या डोंगराळ मुलखात त्यांची नेमणूक झाली. वय बावीस. घोडा, बंदूक, नकाशे आणि हाताखाली माणसे. त्या काळी अमेरिकेत समजूत अशी होती की लांडगे आणि डोंगरी सिंह मारून टाकले म्हणजे हरणे वाढतील, आणि हरणे वाढली म्हणजे शिकाऱ्यांचा स्वर्गच अवतरेल. लिओपोल्डही हेच मानीत आणि हिंस्र प्राणी नष्ट करावेत असा प्रचारही करीत. त्याच वर्षी डोंगराच्या कड्यावरून त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी खालच्या लांडग्यांवर गोळ्या झाडल्या. मरणाऱ्या लांडगीजवळ ते जाऊन पोचले तेव्हा तिच्या डोळ्यांत त्यांना जे दिसले, त्याविषयी त्यांनी लिहिले ते १९४४ साली, म्हणजे तब्बल पस्तीस वर्षांनी. मत बदलायला माणसाला किती वेळ लागतो, याचा हा प्रामाणिक हिशेब आहे.

मध्यंतरी पुष्कळ काही घडले होते. ॲरिझोनातील कैबाब पठारावर हिंस्र प्राणी मारले गेल्यावर हरणांची संख्या बेसुमार वाढली, त्यांनी झाडझाडोरा ओरबाडून खाल्ला आणि शेवटी चाऱ्यावाचून ती मेली. अशी उदाहरणे पाहताना लिओपोल्ड यांच्या ध्यानात आले की रानातील एक प्राणी काढून घेणे म्हणजे घराची एक वीट काढण्याइतके सोपे नाही. लांडगा हरणाला आवरतो, हरीण गवताला आवरते, गवत मातीला धरून ठेवते. साखळीची एक कडी तुटली की माती वाहून जाईपर्यंत तिचा परिणाम पोचतो.

१९१२ साली त्यांचा विवाह सांता फे येथील एस्टेला बर्जेर यांच्याशी झाला. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत, १९१३ मध्ये, दूरच्या रानातील कामगिरीवर असताना वादळी पावसात भिजून ते आजारी पडले. मूत्रपिंडाचा विकार जडला, आणि वर्षाहून अधिक काळ त्यांना काम सोडून विश्रांती घ्यावी लागली. घोड्यावरून दिवस दिवस भटकणाऱ्या तरुणाला खुर्चीत बसून वाचण्याविचारण्याची पाळी आली. प्रकृती सुधारल्यावर त्यांचे लक्ष लाकूडतोडीच्या हिशेबापेक्षा वन्यप्राण्यांकडे आणि मातीच्या धुपीकडे अधिक वळले. त्यांच्याच आग्रहातून १९२४ साली न्यू मेक्सिकोतील हीला येथे सुमारे साडेसात लाख एकर सरकारी वन रस्ते व वस्तीपासून मुक्त ठेवायचे ठरले. अमेरिकेतील या प्रकारचे हे पहिले राखीव अरण्य. म्हणजे वयाच्या सदतिसाव्या वर्षी लाखो एकर रानाच्या भवितव्यावर ठसा उमटविणाऱ्या या माणसाकडे स्वतःचे म्हणावे असे रान नव्हते.

त्याच वर्षी त्यांची बदली विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरी झाली. १९२८ मध्ये सरकारी नोकरी सोडून त्यांनी निरनिराळ्या राज्यांतील शिकारीच्या प्राण्यांची पाहणी केली, १९३३ साली या विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना या नव्या शास्त्राचे प्राध्यापक नेमले.

येथे शिकारीच्या जमिनीचा प्रश्न येतो. शिकार करायची तर रान हवे. रान शेतकऱ्याचे, बंदूक शहरातल्या माणसाची. शहरी शिकारी कुंपण ओलांडून येतो, पीक तुडवतो, पक्षी मारून निघून जातो. शेतकऱ्याला राग येतो आणि तो रान बंद करतो. यावर श्रीमंतांचा उपाय सोपा, रानच विकत घ्यायचे. लिओपोल्ड यांनी मॅडिसनजवळच्या रायली गावी १९३१ साली दुसरा उपाय करून पाहिला. तेथील शेतकरी आणि शहरातले काही शिकारी यांची त्यांनी एक सहकारी मंडळी उभी केली. शहरवाल्यांनी खर्च उचलायचा, हिवाळ्यात पक्ष्यांना दाणा घालायचा. शेतकऱ्यांनी बांधावर झुडपे राखायची, लक्ष ठेवायचे. आणि शिकार दोघांनी मिळून करायची. एक एकरही कोणी विकत घेतला नाही. आपल्या महाराष्ट्रात सहकार म्हटले की साखर कारखाना आणि दूध संघ डोळ्यांपुढे येतात. पक्ष्यांसाठीही सहकार होऊ शकतो, हे वाचून मला नवल वाटले.

मग त्यांनी स्वतः जमीन घेतली ती का? पाच मुले वाढत होती. स्टार्कर, ल्यूना आणि कार्ल हे मुलगे, नीना आणि धाकटी एस्टेला या मुली. घरात सगळ्यांना तिरंदाजीचे वेड. लिओपोल्ड स्वतः लाकूड तासून धनुष्ये बनवीत, आणि पत्नी एस्टेला तर या खेळात राज्यात अव्वल ठरलेल्या. सुटीच्या दिवशी सगळ्यांना मिळून जाता येईल अशी जागा त्यांना हवी होती. विस्कॉन्सिन नदीच्या काठी, बाराबू गावाजवळ, तशी जागा सापडली.

मित्रहो, ती जागा आपल्या आप्पा-अण्णांनी पाहिली असती तर बैलगाडी तेथूनच माघारी वळवली असती. मक्याची पिके घेऊन घेऊन जमिनीचा कस संपलेला. वरची माती गेलेली, वाळू उघडी पडलेली. राहते घर जळून गेलेले. उभे असलेले एकच बांधकाम म्हणजे कोंबड्यांचे खुराडे, आणि त्यातही शेणाचा थर साचलेला. तो काळ महामंदीचा. अमेरिकेच्या मध्यभागात धुळीची वादळे उठत होती आणि असंख्य शेतकरी जमिनी सोडून जात होते. म्हणून ही जमीन स्वस्त होती. ज्या माणसाने शिकारीच्या प्राण्यांवर ग्रंथ लिहिला, त्याने शिकारीसाठी असे रान निवडावे की ज्यात शिकार जवळजवळ नव्हतीच, हे वरवर पाहता विचित्र वाटते. मला मात्र असे वाटते की तयार रान घेणारा फक्त शिकारी राहिला असता.

कुटुंबाने खुराडे साफ केले, नदीला वाहून आलेली लाकडे गोळा केली, चूल बांधली, झोपायला फळ्यांचे माचे केले. वीज नाही, नळ नाही. या खोपट्याला ते शॅक म्हणत, आणि बाहेरच्या संडासाला गमतीने ग्रीसमधल्या प्रसिद्ध मंदिराचे, पार्थेनॉनचे नाव दिलेले! शनिवार-रविवारी प्राध्यापक, त्यांची पत्नी आणि मुले फावडी घेऊन कामाला लागत. १९३६ च्या वसंतात त्यांनी पाइनची रोपे हजारोंनी लावली. त्या उन्हाळ्यात भयंकर दुष्काळ पडला आणि बहुतेक सगळी रोपे वाळून गेली. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा लावली, तिसऱ्या वर्षी पुन्हा. १९४८ पर्यंत त्या कुटुंबाने लावलेल्या झाडांची संख्या चाळीस हजारांवर गेली. झाडांबरोबर मूळच्या रानगवतांचे बी पेरले, झुडपे लावली. हळूहळू पक्षी परतू लागले.

जमिनीला लागून असलेल्या आणखी काही क्षेत्राची पुढे भर पडली आणि एकूण रान सुमारे १२० एकर झाले. आपल्याला १२० एकर म्हणजे जहागीर वाटते. पण त्या देशात १८६२ च्या कायद्याने नव्या वसाहतकऱ्याला सरकार १६० एकर देत असे, त्या मानाने हे क्षेत्र लहानच. हाडाचा शिकारी म्हटला म्हणजे त्याला वाटणारच की आणखी एक पट्टा घ्यावा, पलीकडची पाणथळही घ्यावी, म्हणजे आणखी चार बदके मिळतील. लिओपोल्ड यांच्या दैनंदिनीत मात्र दिसते ते निराळेच. कोणते फूल कोणत्या तारखेला उमलले, कोणता पक्षी कधी आला, नदीचे बर्फ कधी फुटले, किती रोपे जगली. एकरांचा हिशेब मागे पडला आणि एकरात काय आहे याचा हिशेब पुढे आला. वुडकॉक नावाचा एक लहान पक्षी वसंतातील संध्याकाळी आकाशात गिरक्या घेत नाचतो. तो नाच आपल्या रानात रोज पाहू लागल्यावर लिओपोल्ड यांनी त्या पक्ष्याची शिकार एक-दोनांवर आणली, पुढच्या वसंतात नाचायला पुरेसे नर उरावेत म्हणून. त्यांनी शिकार सोडली नाही. वडिलांचा धडा मात्र ते विसरले नाहीत.

हे सारे वाचत असताना आमच्या घरी एक प्रश्न उभा होता. आमची माणदेशात साडेतीन एकर जिरायत आहे. तिच्या बांधाला लागून असलेला दीड एकराचा मुरमाड तुकडा विकायला निघाला. आप्पांचे म्हणणे, बांधाला लागून असलेली जमीन पुन्हा मिळत नाही, कर्ज काढावे पण घ्यावी. आईचे म्हणणे, सोसायटीचे आधीचेच फिटलेले नाही, आणि आहे त्या रानाची ताल दर पावसाळ्यात फुटते, माती ओढ्याला जाते, ती आधी थांबवावी. घरात शिकणारा मी एकटा, म्हणून दोघांनीही मला विचारले. कॉलेजात शिकलेल्या इतिहास-मराठीतून याचे उत्तर कसे द्यावे हे मला सुचेना. लिओपोल्ड शिकारीसाठी जमीन घेत होते, आम्ही बाजरीसाठी. त्यांना पगार होता, आम्हांला पाऊस. त्यांचे उत्तर उचलून आमच्या बांधावर लावता येणार नाही, हे मला कळते. पण प्रश्न विचारण्याची त्यांची रीत मात्र मला उपयोगी पडली. सातबाऱ्यावरचे क्षेत्र वाढले म्हणजे जमीन वाढली का? दरवर्षी साडेतीन एकरातली माती वाहून जात असेल, तर जमीन आपण न विकताच कमी होत आहे. मी आप्पांना एवढेच सुचवले की यंदाच्या उन्हाळ्यात ताल पक्की करू, बांधावर बाभळी-बोरी राहू देऊ, आणि मग त्या दीड एकराचे बोलू. आप्पा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आई मात्र दुसऱ्याच दिवशी दगड वेचायला गेली.

लिओपोल्ड यांच्या विचारांची खरी कसोटी स्वतःच्या रानाबाहेर लागली. १९४३ साली ते विस्कॉन्सिनच्या निसर्गसंवर्धन आयोगावर सभासद झाले. राज्यात हरणे फार वाढली होती आणि हिवाळ्यात उपाशी मरत होती. माद्यांचीही शिकार होऊ द्यावी, असे मत त्यांनी दिले. लोक खवळले, वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. तरुणपणी हरणे वाढावीत म्हणून लांडगे मारणारा हा माणूस आता रान वाचावे म्हणून हरणे कमी करा असे सांगत होता, आणि दोन्ही वेळी त्याचे हेतू चांगलेच होते. फरक पडला होता तो पाहण्यात. पूर्वी ते प्राणी मोजत, आता ते जमीन पाहत. जमीन म्हणजे नुसती माती नव्हे. माती, पाणी, झाडे, प्राणी आणि माणूस यांची मिळून ती एक वस्ती आहे, आणि माणूस त्या वस्तीचा मालक नसून एक रहिवासी आहे, असा त्यांच्या विचारांचा सारांश मला समजला तसा सांगता येईल. शेजाऱ्याशी वागण्याची जशी नीती असते तशी जमिनीशी वागण्याचीही असली पाहिजे, हे त्यांचे म्हणणे.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीला आळा बसला आहे, आणि तो बसायलाच हवा होता. म्हणून बंदूक धरणाऱ्या माणसाला पर्यावरणाचा गुरू मानताना आपल्यापैकी काहींना अवघड वाटेल. मलाही सुरुवातीला वाटले. परंतु विचार केला तर असे दिसते की रान नुसते लांबून पाहणाऱ्याला रानाची जितकी ओळख असते, त्यापेक्षा रानाकडून काही घेणाऱ्याला ती अधिक असू शकते. अट इतकीच, की घेतलेले परत करण्याची जाणीव त्याच्यात हवी. आमच्याकडचे मेंढपाळ आणि लाकूडफाट्यासाठी हिंडणाऱ्या बायका यांच्याकडे पाहूनही मला हेच वाटते.

एप्रिल १९४८ मध्ये लिओपोल्ड यांच्या निबंधांचे हस्तलिखित एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने स्वीकारल्याचे कळले. त्यानंतर आठवड्याभरातच, २१ एप्रिल रोजी, कुटुंब नेहमीप्रमाणे झाडे लावण्यासाठी रानात आलेले असताना शेजाऱ्याच्या शेतातील गवताला आग लागल्याचे दिसले. ते विझवायला धावले, आणि आगीशी झुंजतानाच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. वय एकसष्ट. ल्यूना यांनी हस्तलिखिताची राहिलेली कामे पुरी केली आणि १९४९ साली अ सँड कौंटी अल्मनॅक हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखकाने ते छापलेले पाहिले नाही. ज्या वाळूच्या मुलखाने शेतकऱ्याला मका दिला नाही, त्याचे नाव पुस्तकाच्या रूपाने जगभर गेले.

मुलांचे काय झाले? पाचही जणांनी निसर्गाच्या अभ्यासालाच आयुष्य वाहिले. स्टार्कर वन्यजीवांचे अभ्यासक झाले, ल्यूना नद्यांचे, कार्ल वनस्पतींचे, धाकटी एस्टेला प्राचीन वनस्पतींच्या अवशेषांची. नीना यांनी वडिलांप्रमाणेच त्या रानातील फुलांच्या आणि पक्ष्यांच्या तारखा टिपल्या. या जुन्या-नव्या नोंदी ताडून १९९९ साली एक शोधनिबंध निघाला आणि विस्कॉन्सिनमध्ये वसंताच्या अनेक खुणा पूर्वीपेक्षा लवकर दिसू लागल्याचे त्यातून सिद्ध झाले. सुटीच्या दिवशी खोपट्यात बसून लिहिलेली वही हवामानबदलाचा पुरावा ठरली.

आणि जमीन? तीही वाढली, पण खरेदीखताने नव्हे. १९६० च्या दशकात आसपासच्या जमीनमालकांनी एकत्र येऊन आपापल्या जमिनी मिळून हजार एकरांहून अधिक परिसर लिओपोल्ड यांच्या स्मरणार्थ राखायचे ठरवले. १९८२ साली मुलांनी त्यांच्या नावे प्रतिष्ठान स्थापन केले. २००७ मध्ये तेथे अभ्यासकेंद्राची इमारत उभी राहिली, तिच्यासाठी त्या कुटुंबाने लावलेल्या पाइनचे लाकूड वापरले गेले. विरळणी करताना निघालेली झाडे ती, बाकीची अजून उभी आहेत. २००९ साली ते खोपटे आणि रान राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाले.

आपल्यापैकी पुष्कळ जण शेतकऱ्यांची मुले आहेत. उद्या नोकरी लागेल तेव्हा हातात चार पैसे येतील आणि गावाकडून निरोप येईल, की अमक्याची जमीन निघाली आहे, घ्यायची का? घ्यावी किंवा न घ्यावी, तो ज्याचा त्याचा हिशेब. त्या हिशेबात एक ओळ आणखी असावी असे मला या चरित्रावरून वाटते : गेल्या पावसाळ्यात आपल्या आहे त्या रानातून किती माती गेली, आणि ती थांबवायला आपण काय केले.